मोराचं पातं

"मग दोष कुठाय ते तरी सांगा, बुवा!"

केरबा सुताराचा धीर सुटत चालला होता. भवानगीर बुवा त्याचं धनुष्य मांडीवर आडवं घेऊन बसले होते. डोळे बारीक, ओठ मिटलेले.

"दोष हाय असं मी कुठं म्हणालो?"

"मग बोलत का न्हाई?"

"मोर बघतोय."

केरबा खुलला. मोर होताच तसा. धनुष्याच्या वरच्या पात्यावर, मुठीपासून वीतभर अंतरावर, मान मुरडून बसलेला. पिसारा खाली सोडलेला, पिसापिसाला डोळा. चिंचदऱ्याच्या पंचक्रोशीत कुठल्याही पाळण्यावर, झोपाळ्यावर, देव्हाऱ्यावर असा मोर दिसला की लोक न विचारता म्हणत, केरबाचं काम.

"जमलाय का?" केरबाने विचारलं.

"मोर जमलाय."

बुवांनी धनुष्य उलटं केलं...

चिंचदऱ्यात दसऱ्याची एक रीत आहे. गाव वाजतगाजत शिवेवर जातं. शिवेच्या धोंड्यावरून एक बाण पलीकडे जातो आणि मगच लोक एकमेकांना आपट्याचं सोनं देतात. बाण धोंड्याच्या अलीकडे पडला तर वर्षभर गावाला त्याची टोचणी. धनुष्य पिढ्यान्‌पिढ्या गोसाव्यांच्या मठातलं; ते करायची विद्या आता एकट्या बुवांकडे. पण गेल्या दसऱ्याला ते जुनं धनुष्य तडकलं आणि बुवांचे हात आता थरथरू लागले होते. तेव्हा बुवांनी चावडीवर सांगून टाकलं, "ज्यानं कुणी पहिलं धनुष्य आपल्या घरी, आपल्या हातानं केलं आन् ते माझ्या भिंतीवर टिकलं, त्याच्या धनुष्यानं गाव शीव ओलांडील. बाकीची विद्या मी त्याला देईन."

केरबाने तिथल्या तिथे हात वर केला होता. आजवर त्याने धनुष्य केलं नव्हतं. पण जन्मभर झोपाळे केले त्याला एक वाकडी काठी काय जड? हे त्याचंच बोलणं, तेही चारचौघांत.

आता सांगून बसला होता खरा. धनुष्य टिकलं नाही तर पंचक्रोशीत तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

"काय काय घातलंस ह्यात?" बुवांनी विचारलं.

केरबा जणू याचीच वाट बघत होता. आत धामणीचं लाकूड, उभ्या धाग्याचं, एकही गाठ नसलेलं. बाहेरच्या अंगाला बांबूची पट्टी. मध्ये सरस. दोन्ही टोकं तेल लावून निखाऱ्यावर शेकली, नरम केली आणि साच्यावर दाबून पुढे वळवली.

"साधं न्हाई केलं, बुवा. उलट्या टोकांचं केलं. दोरी चढवली तरी टोकं पुढंच बघत्यात. त्याचा जोर येगळाच."

"पहिलंच आन् उलट्या टोकांचं!"

"करायचं तर नीट करावं."

"धीट हायेस," बुवा म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि ते खोटं नव्हतं.

मग ते उठले. "चल, भिंतीला लावू."

मठाच्या पडवीतली ती भिंत गावात सगळ्यांना ठाऊक होती. तिला छातीच्या उंचीवर एक जाड खुंटी. खुंटीवर धनुष्याची मूठ आडवी बसवायची. धनुष्याच्या दोरीला एक लांब दोर अडकवायचा, तो खाली जमिनीतल्या कडीतून ओवायचा आणि भिंतीच्या भोकातून पलीकडे अंगणात काढायचा. ओढणारा अंगणात. बघणारा पडवीत. दोघांच्या मध्ये भिंत.

बघणाऱ्याने कोळशाने धनुष्याचा बाक मागच्या चुन्यावर काढून घ्यायचा. भिंतीवर असे किती बाक एकावर एक पडले होते, कुणी मोजले नव्हते.

केरबाने धनुष्य बसवलं आणि उभा राहिला.

"ओढ," बुवा म्हणाले.

केरबा अंगणाकडे निघाला.

"बघ," बुवा म्हणाले.

केरबा थांबला. "ओढू का बघू?"

"मी तेच इचारतोय. ओढशील तर दिसायचं न्हाई. बघशील तर ओढंल कोण? घरी कसं केलंस?"

केरबा हसला. हा प्रश्न त्याला अवघड नव्हता.

"त्यावर म्या तोड काढली, बुवा. एक काठी घेतली. तिला पायरीपायरीनं खाचा पाडल्या. काठीचं एक टोक मुठीला टेकवायचं, दोरी ओढायची आन् खाचेत अडकवायची. धनुष्य आपलं ताणलेलंच ऱ्हातं. मग लांब उभं राहून खुशाल बघा. दुसऱ्या माणसाची गरजच न्हाई!"

"हुशार हायेस."

"तुमचा आशीर्वाद."

बुवांनी मुठीच्या आतल्या अंगावर अंगठा फिरवला. तिथे काठी रुतल्याचा एक खळगा होता.

"खळगा चांगलाच खोल पडलाय," ते म्हणाले. "काठी लावलीस आन् कुठं गेलास?"

केरबाचं हसू किंचित उतरलं.

"कुठं न्हाई... तिथंच. फळीवर मोराचा नमुना काढत होतो."

"आन् धनुष्य?"

"ते काठीवर."

"ताणलेलं."

"...व्हय."

बुवा हं म्हणाले. "जा. ओढ आता."

केरबा अंगणात गेला. दोर ओढला. भिंतीपलीकडे कोळसा खरखरला. बुवांचा हात थरथरत असावा, कारण खरखर मध्येमध्ये तुटत होती.

"सोड. ये."

केरबा आत आला आणि भिंतीकडे बघतच राहिला.

एका बाजूची रेघ कोयरीसारखी वळली होती. दुसऱ्या बाजूची जवळजवळ सरळ. सगळा बाक खालच्या पात्यात. वरचं, मोराचं पातं, आपलं ताठच्या ताठ.

एवढं वेडंवाकडं काम आपल्या हातून झालं, हे त्याला खरंच वाटेना. काठीवर बघताना असं दिसलं नव्हतं. की दिसलं होतं आणि नजर मोरावर होती, कोण जाणे.

त्याने खुंटीवरून धनुष्य काढलं. दोरी उतरवली. वरचं पातं लगेच सरळ झालं. खालचं मात्र तसंच किंचित वाकलेलं राहिलं, पाणी भरून आलेल्या माणसाच्या खांद्यासारखं.

"खालचं कमजोर निघालं," केरबा म्हणाला. कारागिराला कारण सापडलं की बरं वाटतं. "लाकूडच तसलं. हरकत न्हाई. तिथं एक पट्टी चिकटवतो, वरनं घायपाताच्या वाखानं आवळतो. दसऱ्याच्या आत हुतंय."

"कमजोर न्हाई ते."

"मग?"

"थकलंय."

"लाकूड कधी थकतं का, बुवा?"

"दोघांचं काम एकट्याला लावलं की थकतं. तुझं वरचं पातं कामच करत न्हाई. ते मोर घेऊन बसलंय."

केरबाने मोरावरून बोट फिरवलं. मोर कोरायचा म्हणून त्याने तिथे लाकूड जाड ठेवलं होतं. पातळ पात्यावर पिसाऱ्याचे डोळे उठत नाहीत. जाड ठेवलं म्हणून ते वाकत नव्हतं. वाकत नव्हतं म्हणून...

"मग ह्यावर औषध काय?" त्याचा आवाज खाली आला होता.

बुवांनी कोनाड्यात हात घातला. फुटक्या बाटलीच्या काचेचा एक तुकडा काढला. धनुष्याला रंधा चालत नाही, तो अधाशी. धनुष्य काचेनेच खरवडायचं, केसकेस.

त्यांनी धनुष्य मांडीवर घेतलं. केरबाला वाटलं, खालच्या पात्याचं काहीतरी करतील.

बुवांनी काच वरच्या पात्यावर टेकवली आणि मोराच्या पिसाऱ्यावरून सरळ ओढली.

बारीक पिवळा कीस उडाला. एका पिसाचा डोळा गेला.

"बुवा!" केरबाने त्यांचं मनगटच धरलं. "ते पातं चांगलं हाय!"

"म्हणून तर."

"अहो, दुखतंय एकीकडं आन् तुम्ही..."

"जे वाकतंय त्याला हात लावू नये, केरबा. त्याचं चाललंय."

केरबाने मनगट सोडलं नाही. बुवांनीही काच सोडली नाही. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती, ती ओरडायची थांबली.

"जोर कमी हुईल," अखेर केरबा म्हणाला.

"हुईल."

"मग बाण धोंडा वलांडायचा न्हाई."

"वलांडंल."

"जोर कमी करून?"

बुवांनी मनगट सोडवलं. काच केरबाच्या तळहातावर ठेवली.

"माझा हात थरथरतोय. तू कर."

"करतो. आजच बसतो."

"एकटा न्हाई. ओढणारा आण."

"एखादा गडी आणतो. तालमीतला."

"तालमीतला दोर ओढंल आन् धनुष्य मोडंल. कुठवर ओढायचं ते हाताला कळावं लागतं. ज्यानं हे चिकटवलं त्याला आण."

"चिकटवलं म्याच!"

बुवांनी धनुष्य उजेडात धरलं. धामण आणि बांबू यांच्यामधली सांध या टोकापासून त्या टोकापर्यंत नखही शिरणार नाही अशी बसली होती. सरसाचा एक थेंब बाहेर नाही.

"ही सांध तुझी न्हाई, बाबा. तू घाईचा. तुझ्या झोपाळ्याच्या सांधीसुदिक तुझ्या न्हाईत. मला म्हातारपणी तेवढं दिसतं."

केरबाचं तोंड उतरलं.

त्या सांधी सिदूच्या होत्या. सिदू त्याचा धाकटा भाऊ. बाप गेला तेव्हापासून दोघे एकाच छपरात काम करत. लाकूड निवडायचं सिदूने, चिरायचं सिदूने, सांधायचं सिदूने. मग केरबाने त्यावर मोर कोरायचा आणि गिऱ्हाइकापुढे उभं राहायचं.

धनुष्याची पट्टी चिकटवली त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं होतं. झोपाळ्याखाली वाकून म्हणालं, "वा! सांधे कुणी बसवले?" सिदूने मान वर केली. तो बोलणार एवढ्यात केरबा म्हणाला, "हा व्हय? ह्याला खुंटी ठोकायला दिली तरी पुरं. माझ्या हाताखाली हाय म्हणून खपतोय."

गिऱ्हाईक हसलं. केरबाही हसला.

सिदूने हातातला रंधा खाली ठेवला, आडवा, पातं जपून. मग तो मामाच्या गावाला निघून गेला.

"तो यायचा न्हाई," केरबा म्हणाला.

"बोलावलंस?"

"थोरला म्या हाय, बुवा. गेला तो. त्यानं यावं."

बुवांनी मान हलवली, हो म्हणून. मग भिंतीवरच्या त्या सरळ रेघेकडे बोट केलं आणि आत निघून गेले.

...

केरबा त्या दिवशी चिडून घरी आला. काच कोनाड्यात टाकली. थकलेल्या पात्यावर पट्टी चिकटवायचीच, असं ठरवून त्याने सरस शिजवायला घेतला. सरस करपला. सरस नेहमी सिदू शिजवायचा. मंद आचेवर, ढवळत, कंटाळा न करता.

करपल्या सरसाचा वास घरभर झाला. केरबा चुलीपुढे बसून राहिला. त्याला भाऊ आठवत होता आणि रागही येत होता. पण राग कुणाचा ते नीट सांगता येत नव्हतं.

सकाळी त्याने धनुष्य काचेसकट घोंगडीत गुंडाळलं आणि मामाच्या गावची वाट धरली.

सिदू मामाच्या गोठ्याचं दार बसवत होता. भावाला बघून त्याने हातातलं काम थांबवलं नाही. केरबा पायरीवर बसला. मामींनी पाणी आणून दिलं. ते पिऊन झालं. गूळ खाऊन झाला.

शेवटी त्याने घोंगडी सोडली.

"मोडायला आलंय," तो म्हणाला.

सिदूने हात पुसले. धनुष्य घेतलं, एका डोळ्याने लांबवर बघितलं. खालच्या पात्याच्या पोटावरून बोट नेलं.

"काठीला अडकवून ठेवलंस, दादा?"

"...व्हय."

"जेवायला बी गेला आसशील तसंच सोडून."

"गेलो असंन."

"दोरी तरी सरस वाळल्यावर चढवलीस का?"

"येवढा बी गाढव न्हाई म्या."

सिदूच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू येऊन गेलं. ते त्याने लगेच पुसलं.

"चल," केरबा म्हणाला.

"कशाला? खुंटी ठोकायला?"

हे बाणासारखं लागलं. केरबाने मान खाली घातली. गोठ्यातली म्हैस रवंथ करत त्याच्याकडे बघत होती. तिच्याकडेच बघत तो म्हणाला,

"चुकलं माझं, सिदू. त्या मानसापुढं बोललो ते वंगाळ बोललो. सांधा तुझाच हुता."

सिदू परत दाराकडे वळला. बिजागरीचे राहिलेले खिळे ठोकले. दार उघडून बघितलं, मिटून बघितलं. करकरलं नाही.

मग तो आत गेला आणि आपली पटाशीची पिशवी घेऊन आला.

...

बुवा पडवीत बसलेलेच होते. दोघे भाऊ आलेले बघून त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. धनुष्य खुंटीवर चढवलं. जुनी कोळशाची रेघ ओल्या फडक्याने पुसून टाकली.

सिदू सवयीने अंगणाकडे निघाला. ओढायचं काम त्याचंच असणार, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"तू कुठं?" बुवा म्हणाले.

"दोर ओढाय."

"तू हितं थांब. काच घे." मग ते केरबाकडे वळले. "ओढणारा अंगणात."

केरबाला ऐकू आलं ते कळायला वेळ लागला.

"बुवा, तासायचं काम नाजूक हाय. हात म्हंजे माझा..."

"व्हय. हात तुझाच. दोराला लाव."

केरबा बाहेर गेला. भिंतीच्या भोकातून आलेला दोर त्याने मनगटाला गुंडाळला. समोर नुसती भिंत. पांढरी, आंधळी. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं काम चाललं होतं आणि त्याला ते दिसत नव्हतं.

"ओढ, दादा," आतून सिदूचा आवाज आला.

त्याने ओढलं.

"बास. धर तसंच... सोड हळू."

काचेची किरकिर सुरू झाली. थोडी. थांबली.

"ओढ."

त्याने ओढलं.

"आज्जून थोडं. वाईच. बास बास! सोड."

पुन्हा किरकिर. पुन्हा ओढ. ऊन चढलं. केरबाचा खांदा भरून आला. खरवडण्यापेक्षा ओढणं सोपं, असं त्याला वाटायचं. पण किती जोर लावायचा ते भिंतीपलीकडच्या आवाजावरून ओळखायचं, चुकलं तर धनुष्य जायचं आणि नाव ओढणाऱ्याचं निघायचं. असं न दिसणारं मागचं काम सिदूने किती वर्षं केलं होतं? केरबाने कधी विचारलंही नव्हतं. दोराने तळहात सोलवटत होता आणि त्याला भावापुढे लाज वाटत होती.

"थोडं राह्यलंय," आतून आवाज आला. "ओढ."

त्याने ओढलं. सोडलं. काच किरकिरली... आणि मध्येच थांबली.



"सिदू?"

त्याने दोर सैल केला.

"थांबलास का रं?"

"मोर आलाय, दादा."

केरबा भिंतीकडे बघत उभा राहिला.

"पिसारा आर्धा तासला," सिदू म्हणाला. "आता मान ऱ्हायलीय. जाड हितंच हाय. पर मोर जाईल समदा."

बुवा आत होते. पण ते एक अक्षर बोलले नाहीत. ना हो, ना नाही.

भिंत मध्ये होती म्हणून बरं झालं. केरबाचे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसलं नाही. मोर त्याच्या बापाने त्याला शिकवला होता. मोराशिवाय एकही काम त्याच्या हातून बाहेर गेलं नव्हतं. मोर नाही तर हे केरबाचं, असं कोण म्हणणार?

त्याने नाक पुसलं. दोर पुन्हा मनगटाला गुंडाळला.

"तास," तो म्हणाला.

किरकिर सुरू झाली. ती आता थांबली नाही.

"ये आत," संध्याकाळी बुवांनी हाक मारली.

भिंतीवर कोळशाचा नवा बाक होता. खुंटीच्या दोन्ही बाजूंना सारखा. एकीकडे जेवढा, दुसरीकडे तेवढाच. केरबाने जवळ जाऊन बघितलं, लांब जाऊन बघितलं. चूक काढायला त्याच्यासारखा वस्ताद नाही, पण त्याला चूक सापडली नाही.

"जोर कमी झाला का?" त्याने विचारलं.

"झाला," सिदू म्हणाला.

"हं," केरबा म्हणाला. आणि त्याला नवल वाटलं, त्याचं काही वाईट वाटत नव्हतं.

...

दसऱ्याला अख्खं गाव शिवेवर लोटलं. हलगी वाजत होती. पोरं आपट्याच्या फांदीला झोंबत होती. धनुष्य हातोहात पुढे आलं आणि लोक त्यावर मोर शोधू लागले.

"मोर कुठाय रं, केरबा?"

"उडाला," केरबा म्हणाला.

लोक हसले. तोही हसला.

पाटलांनी रिवाजाप्रमाणे मोठ्याने विचारलं, "धनुष्य कुणाचं?"

हा प्रश्न ऐकायला केरबा पावसाळाभर झुरला होता. आता तो कानावर आला तेव्हा त्याने सिदूकडे बघितलं.

"ह्यानं तासलं," तो म्हणाला.

"दादानं ओढलं," सिदू म्हणाला.

"ह्यानं सांधलं."

"लाकूड वळवलं ते दादानं."

"आरं, एकमेकास्नी पानसुपारी काय देताय!" पाटील वैतागले. "सोनं वाटायचं राह्यलंय. बाण कोण मारतंय?"

केरबाने उजवा हात वर उचलून बघितला. खांद्यात अजून दोराची कळ होती. हात कानापर्यंत जाईना.

"माझा खांदा धरलाय," तो म्हणाला. "हाण तूच."

सिदूने धनुष्य घेतलं. दोरी चढवली. बाण लावला. दोरी कानाशी आली तेव्हा दोन्ही पाती एकाच वेळी वाकली, कुरकुर न करता. हातात धक्का नाही, हिसका नाही.

बाण सुटला.

तो शिवेच्या धोंड्यावरून गेला. बांधावरून गेला. काढलेल्या बाजरीच्या रानात पार दूर जाऊन उभा रुतला. जुन्या धनुष्याचा बाण तिथवर गेलेला कुणाला आठवत नव्हता.

हलगी कडाडली. आपट्याची पानं हातोहात फिरू लागली. पाटलांनी सिदूला मिठी मारली.

गर्दी पांगली तेव्हा केरबाने धनुष्याची दोरी उतरवली. काम झालं की धनुष्य ताणलेलं ठेवायचं नाही, हे आता त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. धनुष्य तो घोंगडीत गुंडाळणार होता. गुंडाळता गुंडाळता थांबला.

त्याने ते उलटं करून बघितलं. पुन्हा सुलटं केलं. दोन्ही पाती सारखी गुळगुळीत, सारखी बारीक. मोराची मान कुठे होती, तेही बोटाला लागेना.

बुवा दगडावर बसून लोकांकडून सोनं घेत होते. केरबा त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. आपट्याची पानं त्यांच्या हातावर ठेवली, पायाला हात लावला.

"बुवा, एक इचारू?"

"इचार."

"आता ह्यातलं वरचं पातं कुठलं आन् खालचं कुठलं?"

बुवांनी धनुष्याकडे बघितलंही नाही. ते शिवेपलीकडच्या रानाकडे बघत होते...

"बाण तिकडं पडलाय," ते म्हणाले. "त्याला इचारून ये."